वेड्यांच्या शाळेतली इस्त्रीवाली

एल चान्यार गावात सोमवारी सकाळी तीनशे पोरं पांढरे डगले घालून शाळेला निघायची, आणि त्यातले निदान ऐंशी डगले ओतिलिया फेरेय्राच्या लाँड्रीतून आलेले असायचे. ते लांबूनच ओळखू यायचे. मागच्या चुण्या सुरीसारख्या, कॉलर पुठ्ठ्यासारखी, आणि खळ अशी की आत पोर नसलं तरी डगला आपला आपण उभा राहील. गावात म्हणायचे, "ओतिलियाचा डगला पोराला घालत नाहीत, पोराला त्यात बसवतात."

ओतिलियाला याचा अभिमान होता. अकराव्या वर्षी तिच्या आईनं तिच्या हातात इस्त्री दिली, पाचवीतली शाळा तिथंच संपली, आणि त्यानंतर तेवीस वर्षं तिनं चुरगळलेली दुनिया सरळ करण्यात घालवली. बाई ठेंगणी, दंडांनी पैलवान, बोलायला फटकळ. नवरा एवारिस्तो गावातून शहराला जाणारी बस चालवायचा आणि दिवसभर हसायचा. हसण्यासारखं काय आहे, हे ओतिलियाला कधी कळलं नाही. "तू वळणावर पण हसतोस म्हणे," ती म्हणायची. "वळणावरच तर मजा असते," तो म्हणायचा.

त्यांची एकुलती मुलगी सेलिना. घरात ही पोर सकाळी डोळे उघडल्यापासून बडबडायची. मांजराशी, वाफेशी, वाळत घातलेल्या विजारींशी. पण शाळेच्या दारात पाय ठेवला की तोंडाला कुलूप. दोन वर्षं ती वर्गात एक शब्द बोलली नाही. अक्षरं तिला सावकाश लागायची. बाईंनी एकदा सगळ्यांसमोर तिला "गोगलगाय" म्हटलं, पोरं हसली, आणि गोगलगाय जी शंखात गेली ती गेलीच.

दुसरीच्या शेवटी मुख्याध्यापिका लेगिसामोनबाईंनी ओतिलियाला बोलावून घेतलं. बाई तीस वर्षं त्या शाळेवर होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओतिलियाबाई, मन घट्ट करून ऐका. मुलगी मंद आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. काही मुलं पुस्तकासाठी जन्माला येतात, काही इस्त्रीसाठी."

ओतिलिया "बरं, बाई" म्हणाली आणि घरी आली. लेगिसामोनबाईंचे सगळे ब्लाउज तिच्याकडेच यायचे. पुढचा आठवडाभर तिनं त्यांना खळच घातली नाही. बाईंच्या कॉलरी चार दिवसांच्या शिळ्या कोशिंबिरीसारख्या मानेवर पडून होत्या. पण एवढ्यानं ओतिलियाच्या पोटातली आग विझली नाही.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या मालगोदामात दोन वर्षांपूर्वी सरकारनं एक छोटी शाळा काढली होती. लष्करशाही जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, लोकांना मोठ्यानं बोलायची पुन्हा नुकतीच सवय लागत होती, आणि प्रांताच्या शिक्षणखात्यात कुणीतरी म्हटलं असणार की चला, एक वेगळी शाळा करून बघू. शाळा सरकारीच, फी नाही, सगळ्यांना खुली. पण तिथं घंटा नव्हती. गुण नव्हते. सहा वर्षांचं पोर बारा वर्षांच्या पोराशेजारी बसायचं, आणि बसायचंच असंही नव्हतं. डगले तर नव्हतेच. एकेचाळीस मुलं, तीन शिक्षक, आणि एक बकरी. गावानं तिचं नाव ठेवलं होतं वेड्यांची शाळा.

"तिकडे घालूया सेलिनाला," एवारिस्तो म्हणाला.

"वेड्यांत?"

"मंदांत ठेवण्यापेक्षा बरं. वेड्यांना निदान मजा येते."

मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा ओतिलियानं सेलिनाला कडक इस्त्रीचा डगला घालूनच नेलं. नियम नसला म्हणून काय झालं! दारात ग्रासियाना नावाची शिक्षिका उभी होती, उंच, अंगात स्वेटर आणि त्या स्वेटरला कोपरावर भोक. तेवढ्यात आतून एक चिमुरडी ओरडली, "ग्रासियाना, अगं लवकर ये, बकरीनं नकाशा खाल्ला!"

"कुठपर्यंत?" ग्रासियानानं विचारलं.

"ब्राझील संपवलं!"

ओतिलियाचे डोळे पांढरे झाले. बाईंना नावानं हाक मारतात! आणि बाई रागावायच्या सोडून ब्राझीलची चौकशी करतात! ती सेलिनाचा हात धरून परत फिरणार, तोच तिच्या लक्षात आलं की हातात हात नाही. सेलिना नकाशा बघायला आत पळाली होती.

पहिला महिना ओतिलियानं श्वास रोखून काढला. पोर घरी यायची ती गुडघ्याला माती, केसात भुसा. पण यायची तीच बोलत. दोन रस्ते पलीकडून तिचा आवाज ऐकू यायचा. इकडे लाँड्रीत गिऱ्हाइकं टोमणे मारायची.

"काय ओतिलिया, तुमच्या मुलीला आता पाढे बकरी शिकवते म्हणे?"

"हो," ओतिलिया फणकाऱ्यानं म्हणायची, "आणि तुमच्या मुलाला ज्या शिकवतात, त्यांच्यापेक्षा बरी शिकवते."

मे महिना संपताना शाळेकडून प्रगतिपुस्तकाऐवजी एक पत्र आलं. हातानं लिहिलेलं, चांगलं चार पानी. ओतिलियानं ते उभ्याउभ्या उघडलं. सेलिना सकाळी आल्याबरोबर काय करते, कुणाशी भांडते, कुणाला बूट बांधून देते, वाचताना बोट कुठं अडखळतं, मग कसं पुढं जातं, ती पावसाच्या थेंबांबद्दल काय म्हणाली, कशाला हसली, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्या मुलीला घाई नाही. ती प्रत्येक शब्दाशी ओळख करून घेते आणि मगच पुढं जाते. आम्हाला तिच्याकडून हे शिकायला मिळतंय."

ओतिलियानं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत औषधवाल्याच्या विजारीच्या मांडीवर इस्त्रीचा खणखणीत तपकिरी ठसा उमटला होता. तेवीस वर्षांत तिच्या हातून जळालेलं हे पहिलं कापड.

ती तशीच पत्र घेऊन शाळेत गेली.

"ग्रासियानाबाई, पत्र फार छान आहे. पण आकडा कुठाय?"

"कसला आकडा?"

"दहापैकी किती, तो."

"दहापैकी किती सेलिना?" ग्रासियाना विचारात पडली. "मला वाटतं, सगळीच्या सगळी सेलिना आहे."

ओतिलियाला हसू फुटलं. ते कुठून आलं तिला कळेना. तिनं ते दाबायला गाल आत ओढले, तर ते नाकातून आलं.

"आता आलाच आहात तर," ग्रासियाना म्हणाली, "पालकांनी आठवड्याला दोन तास शाळेत द्यायचे असतात, माहीत आहे ना? तुमचे सगळेच आठवडे राहिलेत."

तो नियम ओतिलियाला माहीत होता, पण आपल्यासारखीनं तिथं करायचं काय, हा प्रश्न होता. मंगळवारी ती इस्त्री घेऊन गेली. पडदे असतील, इस्त्री करून देऊ, दोन तास भरतील. गोदामाला पडदेच नव्हते. ती मधोमध इस्त्री घेऊन उभी, आणि भोवती पोरं गोळा झाली. नकाशासाठी ओरडणारी ती चिमुरडी, तिचं नाव पोला, पुढं आली.

"ही तापते का?"

"तापते."

"मग चुण्या जातात कुठं?"

"जातात म्हणजे? जातात."

"पण कुठं?"

तेवीस वर्षं ओतिलिया चुण्या घालवत होती, पण त्या कुठं जातात हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं. "मला नाही बाई माहीत," ती म्हणाली. शाळेत हे वाक्य म्हटलं की लहानपणी तिच्या बोटांवर पट्टी बसायची. इथं पोरं टाळ्या पिटत ओरडली, "तिलापण माहीत नाही! चला, शोधूया!"

मग काय! कापडं ओली केली, कोरडी केली, चुरगळली, गार इस्त्री फिरवून बघितली, तापलेली फिरवून बघितली. सेलिना मधोमध होती आणि सगळ्यांना सांगत होती, "आधी ओलं! आधी ओलं केल्याशिवाय कापड ऐकत नाही!" दोन तासांचे चार कधी झाले कळलं नाही. परत येताना ओतिलिया रस्त्यानं एकटीच गुणगुणत होती. औषधवाला दुकानातून बघतच राहिला.

शनिवारी पालकांची सभा असायची. सभा म्हणजे भांडण. माते नावाच्या कडू चहाचं एकच भांडं एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचं, त्यातली नळी सगळे ओढायचे, आणि प्रत्येकजण आपली पाळी येईपर्यंत ओरडायचा. एक आई म्हणायची, मुलांना बेरीज येत नाही. एक बाप म्हणायचा, माझ्या मुलाला इतकी येते की तो माझ्या चुका काढतो, त्याला थांबवा. वेन्सेस्लाओ बेकरीवाला, पोलाचा बाप, पोटानं आणि आवाजानं सर्वांत मोठा. तो प्रत्येक सभेत उठून म्हणायचा, "मी उद्या माझी पोरगी काढून घेणार!" आणि मग स्वतः आणलेले गोड पाव सगळ्यांना वाटायचा. पहिल्या सभेला ओतिलिया कोपऱ्यात बसली होती. तिसऱ्या सभेला ती टेबलावर मूठ आपटत होती.

पुढच्या मंगळवारी मुलांची चित्रं झाकायला तिनं लाँड्रीतल्या पिशव्या नेल्या. धुतलेल्या सुटांवर घालतात ना, त्या लांब, पातळ, प्लास्टिकच्या. शेगडीजवळ एक पिशवी उघडी पडली होती. ती हळूच फुगली. मग उभी राहिली. आणि एकेचाळीस पोरं, एक शिक्षिका, एक इस्त्रीवाली आणि एक बकरी बघत असताना सरळ छताला जाऊन चिकटली.

मग जो काही कल्लोळ झाला, तो म्हणे पार चर्चपर्यंत ऐकू गेला.

"मोठी करू!" सेलिना किंचाळली.

"केवढी?"

"घराएवढी!"

ग्रासियानानं एका जुन्या पुस्तकात शोधून सांगितलं की नुसत्या उन्हावर उडणारा फुगा करता येतो. प्लास्टिक पातळ हवं, हवा गार हवी, आणि फुगा आतून काळा हवा, म्हणजे ऊन पितो. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, आकाश काचेसारखं. स्वातंत्र्यदिन नऊ तारखेला. ठरलं तर मग!

आता पिशव्या जोडायच्या कशा? गोंद धरेना. चिकटपट्टी जड. सगळे डोकं खाजवत बसले, तेव्हा ओतिलियानं कोमट इस्त्री घेतली, दोन पिशव्यांच्या कडा एकावर एक ठेवल्या, वर बेकरीतला पातळ तुपकट कागद ठेवला आणि इस्त्री फिरवली. कागद उचलला. दोन पिशव्यांची एक झाली होती, आणि सांधा असा की दिसता दिसेना.

तो सांधा बघून वेन्सेस्लाओनं टोपी काढली. "बाई," तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं."

तीन आठवडे हे चाललं. लाँड्रीत लोकांचे कपडे पडून राहिले. ओतिलिया दारावर पाटी लावायची, "शाळेत गेले आहे." चौतिसाव्या वर्षी ती पाटी लिहिताना तिला अशा काही गुदगुल्या व्हायच्या की विचारू नका. रोज संध्याकाळी एवारिस्तो बस लावून थेट गोदामात यायचा. पालक आळीपाळीनं इस्त्री धरायचे. वेन्सेस्लाओनं हट्टानं एक सांधा स्वतः केला, वेडावाकडा, आणि कुणाला तो परत करू दिला नाही.

मग काळं करायची वेळ आली. बेकरीच्या भट्टीतला कोळसा कुटून त्याची पूड केली. ती पिशवीत टाकून पिशवी हलवायची, म्हणजे आतून काळी होते. पुस्तकात असं लिहिलं होतं. पुस्तकात हे लिहिलं नव्हतं की तोंड सुटलं तर काय होतं. तोंड सुटलं. ढग उठला. ढग बसला तेव्हा गोदामात साठ-सत्तर काळी माणसं उभी होती आणि कुणाला आपलं पोर ओळखू येईना. एक आई दुसऱ्याच पोराचं नाक पुसत होती. ओतिलियानं आरशात बघितलं. आयुष्यभर पांढऱ्याचा धंदा केलेली बाई नखशिखांत काळी! आणि ती जी हसायला लागली, ती खाली बसली. बसून हसली, मग आडवी होऊन हसली. एवारिस्तो घाबरला.

"अगं, काय झालं? डॉक्टरला बोलावू?"

"वळण आलं रे," ती हुंदके देत म्हणाली, "वळण!"

फुग्याखाली कोण उडणार, यावर शनिवारी सभा झाली. बकरीचं नाव आलं, वजनावर पडलं. वेन्सेस्लाओनं स्वतःचं नाव सुचवलं, तेही त्याच कारणानं पडलं. कोंबडीवर मतदान झालं, सोळा विरुद्ध पंधरा, पण कोंबडीला विचारलेलं नाही म्हणून लहान मुलांनी ते रद्द केलं. शेवटी सेलिना म्हणाली, "माझा जुना डगला घ्या. तो नाहीतरी आपला आपण उभा राहतो."

नऊ जुलैला सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. साडेनऊला स्टेशनच्या मैदानात झेंडा चढला, सगळ्यांनी थंडीत कुडकुडत राष्ट्रगीत म्हटलं, आणि मग फुग्याचं तोंड उघडून पोरं मैदानभर पळाली, हवा भरत. दोन पिंपांएवढा होता, मग खोलीएवढा, मग खरोखर घराएवढा. काळा, चमकणारा, भल्या मोठ्या वांग्यासारखा. उन्हात तो हळूहळू ताठ झाला. पोटातून कुईकुई आवाज आला. मग त्यानं जमीन सोडली.

खाली डगला, दोन्ही हात पसरून. ओतिलियानं त्याला शेवटची खळ स्वतः घातली होती.

दोर एवारिस्तोच्या हातात होता. पण त्याची दहाची बस होती, मैदानाच्या कडेला इंजिन सुरूच होतं. "धर," म्हणून त्यानं दोर ओतिलियाला दिला.

दोर हातात आला आणि ओतिलियाच्या दंडातून काहीतरी सरसरत गेलं. वरून कुणीतरी ओढत होतं. मासा गळाला लागावा तसं, पण आभाळात. तेवीस वर्षं तिनं वरून खाली दाबलं होतं. वर ओढणारं असं काही तिच्या हातात कधी आलंच नव्हतं. नंतर एवारिस्तो म्हणायचा दोर निसटला, वेन्सेस्लाओ म्हणायचा तिनं सोडला. ओतिलिया म्हणायची, "मला काय विचारता? बोटांना विचारा."

फुगा सुटला.

"पळाला!" सगळी शाळा ओरडली. फुगा गावाच्या दिशेनं निघाला, सावकाश, रुबाबात, डगला हात हलवत.

"बसमध्ये!" एवारिस्तो गरजला. "सगळे बसमध्ये!"

एकेचाळीस पोरं, पालक, ग्रासियाना बसमध्ये घुसले. आत एकच प्रवासी होती, कोंबड्यांचा पिंजरा मांडीवर घेतलेली एउफ्रासिया आजी. तिला बहिणीकडे शहरात जायचं होतं.

"आजी, जरा वाट वाकडी करतो," एवारिस्तो म्हणाला.

आजीनं खिडकीतून वर बघितलं. "मेल्या, सांगत काय बसलास? डावीकडे घे, डावीकडे! चर्चवरून चाललाय तो!"

एवारिस्तोनं बस डावीकडे घातली. कोंबड्या ओरडत होत्या, पोरं ओरडत होती, आजी काठीनं दिशा दाखवत होती, "आता उजवीकडे! अरे, तुला उजवा हात नाही का?" एवारिस्तो प्रत्येक वळणावर हसत होता, आणि त्याच्या मागं उभी राहून, दांडा धरून, ओतिलिया त्याच्याहून मोठ्यानं हसत होती. रस्त्यावरची माणसं आधी बसकडे बघायची, मग वर बघायची, आणि मग सायकली टाकून मागं पळायची.

चौकातल्या उंच पॉपलरच्या झाडाच्या शेंड्याला फुगा घासला. वेन्सेस्लाओचा सांधा उसवला.

"माझा नाही!" वेन्सेस्लाओ तिथंच ओरडला. "तो माझा नव्हता!"

फुगा सुस्कारा टाकत खाली यायला लागला. खाली मोठ्या शाळेचं पटांगण होतं. तीनशे पोरं रांगेत, पांढरी, ताठ. समोर मंचावर लेगिसामोनबाई भाषण करत होत्या. "आपल्या पूर्वजांनी," बाई म्हणत होत्या, "आकाशाकडे दृष्टी लावून..." आणि तीनशे मुलांनी आकाशाकडे दृष्टी लावली. बाईंना वाटलं भाषण रंगलं. मग त्यांच्यावर सावली पडली.

डगला अगदी मंचासमोर उतरला, हात पसरून, पायाशी नीट घडी घातल्यासारखा. त्यामागोमाग घराएवढं काळं वांगं हळूच कलंडलं आणि उसासे टाकत पडून राहिलं. रांगा एका क्षणात मोडल्या. पोरं भोवती धावली, हात लावायला लागली, आणि हात लावील तो काळा.

बसमधून सगळे धापा टाकत आत आले तेव्हा लेगिसामोनबाई कडाडल्या, "हे कुणाचं आहे?"

ओतिलियानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी एक आवाज आला. बारीक, स्पष्ट.

"आमचं आहे, बाई."

सेलिना पुढं गेली. सकाळपासून फुग्यात शिरून शिरून तिचे फक्त डोळे आणि दात दिसत होते.

"आणि हे उडतं कसं? आग लावली होतीत की काय?"

"नाही, बाई. काळा रंग ऊन पितो. मग आतली हवा तापते. तापलेली हवा पसरते, म्हणून तेवढ्याच जागेत कमी मावते आणि हलकी होते. बाहेर थंडी आहे, ती हवा जड. जड हवा हलक्याला वर ढकलते." ती जरा थांबली. तिला घाई नव्हती. "आणि सांधे इस्त्रीचे आहेत. एक सोडून सगळे चांगले."

"माझा नव्हता!" मागून वेन्सेस्लाओ.

लेगिसामोनबाई वाकल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा आवाज बदलला होता. "किती छान सांगितलंस, बाळ. तीस वर्षांत इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. कुणाची तू?"

"माझी," ओतिलिया म्हणाली. "तीच ती, बाई. मंद."

लेगिसामोनबाईंनी सेलिनाकडे बघितलं, ओतिलियाकडे बघितलं. त्यांना काही म्हणायचं होतं, पण तीस वर्षांची सवय आडवी आली असावी. त्यांनी काळजीपूर्वक सेलिनाच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो काळा झालेला हात विसरून स्वतःच्या गालाला लावला. पहिल्या रांगेतलं एक पोर फस्सकन हसलं. मग दुसरं. बाईंनी हात बघितला, आणि त्यांच्याच तोंडून एक छोटासा, गंजलेला, वापरात नसलेला आवाज निघाला. ते हसणं होतं हे सगळ्यांना जरा उशिरानं कळलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार मात्र गेलीच, नियमाप्रमाणे. आठवड्यानं शिक्षणखात्याचे निरीक्षक आले. सकाळी टाय बांधून आले आणि दुपारी टायनं पिशवीचं तोंड बांधत होते. अहवालात त्यांनी लिहिलं की शाळेत घंटा नाही, ही गंभीर त्रुटी आहे, आणि शाळा पुढं चालू ठेवावी. बसमालकानं एवारिस्तोला तीन दिवस घरी बसवलं. ते तीन दिवस तो शाळेत गेला आणि मुलांना वळणं शिकवली, किती वेगानं घेतली तर कोंबड्यांचा पिंजरा पडत नाही, ते काढून दाखवायचं. औषधवाल्यानं जळक्या विजारीचं पुन्हा नाव काढलं नाही. त्याचा नातू शाळेत घ्या म्हणून तो स्वतः हात जोडून आला.

ओतिलियाची लाँड्री चालूच राहिली, फक्त मंगळवारी बंद. त्या दिवशी ती सकाळी मुलांबरोबर इस्त्री करायची आणि दुपारी त्यांच्याच बाकावर बसून सहावीची पुस्तकं वाचायची. भागाकारात तिला पोला शिकवायची आणि ती फार कडक होती.

पुढच्या वर्षी नावनोंदणीला फाटकापर्यंत रांग लागली. सभेनं नोंदणीच्या टेबलापाशी ओतिलियाला बसवलं होतं. रांगेतून एक नवा माणूस पुढं आला. रापलेला, लाजरा, मुलीचा हात घट्ट धरलेला. नाव सांगितलं सेगुंदो माइदाना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "इथं आईबापांना पण शिकवावं लागतं म्हणे. मला काही येत नाही. म्हणून विचारायला आलो, मुलीला घ्याल ना?"

"काहीच नाही येत?"

"नाही हो. मी विहिरी खणतो."

ओतिलियानं पेन खाली ठेवलं. पण ती काही बोलायच्या आत मागच्या पोरांनी कान टवकारले. बकरीला पाणी पाजणारी पोरं थांबली होती. झाडावरची पोरं खाली बघत होती.

"किती खोल?" पोलानं विचारलं.

"लागेल तितकी," सेगुंदो म्हणाला.

"आत काय असतं?" सेलिना.

"आधी माती. मग तांबडी माती. मग एक थंड वास येतो, आणि मग..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. पन्नासेक पोरं त्याच्यावर तुटून पडली होती. कुणी त्याच्या एका हाताला, कुणी दुसऱ्या, आणि त्याची मुलगी सगळ्यांच्या पुढं, मागं वळून ओरडत, "बाबा, चल ना! फावडं आहे त्यांच्याकडे!" रांगेतले लोक बाजूला झाले. दुपारच्या जेवणाला मैदानात कमरेएवढा खड्डा होता, त्यात चार बाप आणि मुलाचं नाव घालायला आलेले निरीक्षकांचे मेहुणे उतरले होते, आणि खड्ड्याच्या काठावर पोटावर झोपून ओतिलिया खाली ओरडत होती, "वास आला का? अहो सेगुंदो, वास आला की सांगा हं, मला पण घ्यायचाय!"